खाडाखोडीपुढे सही

पनवेल,
४ एप्रिल

प्रिय इरा,

'प्रिय' वाचून दचकू नकोस. पत्र माझंच आहे. अक्षर बघ, शिरोरेघ मी अजूनही शब्द संपल्यावर एका दमात ओढतो. मग शेवटच्या पानावर जाऊन सही बघ. 'गुप्ते'च्या खाली मी जो उगाच एक ठिपका देतो, तो आहे ना? असेल तर परत इथे ये. एकतीस वर्षं बँकेत दुसऱ्यांच्या सह्या ताडण्यात घालवलेल्या माणसाचं पत्र आहे, आधी सही ताडून मगच वाचलंस तर मला राग येणार नाही, उलट बरंच वाटेल. हे पत्र टपालाने आलेलं नाही. ते तुझ्या हातात कोणी ठेवलं ते तुला ठाऊकच आहे, त्यांच्याविषयी पुढे लिहितो. तुझ्यापर्यंत पोचायला माझ्याकडे आता एवढा एकच रस्ता उरलाय, म्हणून विनवणी आहे की रागावलीस तरी शेवटपर्यंत वाच. याआधीचे दोन कागद मी फाडले. त्यात मी नेहमीसारखा शहाणपणा शिकवत होतो.

इकडे पाणी दिवसाआड येतं. तुझ्या आईचा सोनचाफा पाण्याविना कोमेजेल म्हणून मी भाज्या धुतलेलं पाणी त्याला घालतो. तिला जाऊन चार वर्षं झाली, पण झाड अजून तिच्याच हुकमात असल्यासारखं वागतं, माझ्या हाताने एक फूल देत नाही. गुडघा आहे तसाच आहे. पण नोव्हेंबरपासून माझं जे काही झालं ते तुला मी तुकड्यातुकड्याने सांगितलं आणि तेही बरंचसं लपवून. आज सगळं सलग सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

अकरा नोव्हेंबरला सकाळी फोन आला. पेन्शन विभागातून बोलतोय म्हणाला, तुमचा हयातीचा दाखला आला नाही, पेन्शन अडकेल. दरवर्षी आम्हा म्हाताऱ्यांना आपण जिवंत आहोत असं लिहून द्यावं लागतं, त्यामुळे मला काही वावगं वाटलं नाही. आवाज अदबशीर. म्हणाला, साहेब, तुम्ही काही सांगू नका, माझ्यासमोर सगळी माहिती आहे, मी वाचतो, तुम्ही फक्त ऐका. मी मनात म्हटलं, वा, पोरगा शिस्तीचा आहे. त्याने जन्मतारीख वाचली ती चौदा जून. मी म्हटलं, चौदा नाही हो, चोवीस. त्याने माझ्या आईचं नाव सुमती वाचलं. मी म्हटलं, सुमित्रा. आधारचे आकडे त्याने वाचले त्यात चार चुका. मी चारही दुरुस्त करून दिल्या, वर त्याला झापलंसुद्धा, की अरे, नोंदी अशा ठेवतात का? तो सॉरी साहेब, सॉरी साहेब करत होता. शेवटी म्हणाला, तुमच्या मोबाइलवर आता सहा आकडे आले असतील, ते चार सात एक नऊ शून्य दोन असेच आहेत ना? मी बघितलं तर साफ चूक! आणि इरा, मी ते आकडे सावकाश, एकेक सुटा करून, दोनदा वाचून दाखवले. चूक दिसली की मला खाज सुटते हे त्याला कसं कळलं देव जाणे. मला कोणी विचारलं असतं तर मी मेलो तरी सांगितलं नसतं. त्याने मला विचारलं नाही, तो नुसता चुकत गेला.

तासाभरात फोनचा जीव गेला. मला वाटलं रेंज गेली. दुपारपर्यंत माझा नंबर दुसऱ्याच्या फोनवर चालू झाला होता, त्या नंबरावरून ईमेल त्याच्या ताब्यात, ईमेलवरून बाकीचं. माझ्या नावाने एक कर्ज निघालं, एक खातं उघडलं, त्या खात्यात कुणाकुणाचे लुबाडलेले पैसे येऊन गेले, आणि महिनाभराने परराज्यातल्या एका पोलीस ठाण्याची नोटीस आली ती मला, आरोपी म्हणून! माझं पेन्शनचं खातं गोठवलं. आणि फोन बंद पडला त्या अकरा तारखेलाच माझ्या सगळ्या ओळखीच्यांना माझ्या नावाने मेसेज गेले, मी दवाखान्यात आहे, तातडीने मदत पाठवा. काहींनी पाठवली. अजून त्यांच्या नजरेला नजर देववत नाही. तुलाही मेसेज गेला होता, आठवतं? तू शेजारच्या देवधरांच्या फोनवर फोन करून हसत हसत मला सांगितलंस, की बाबा, मला लगेच कळलं ते तुम्ही नाही, त्यात 'बाळा, तुझी आठवण येते' असं लिहिलं होतं. मीही हसलो. चार लोकांना कौतुकाने सांगत सुटलो, की बघा माझी मुलगी कशी हुशार, बापाची सही नसली तरी खोटं पकडते. आता ती गोष्ट मी कोणाला सांगत नाही. चोराचा मेसेज तू कशावरून ओळखलास, तर त्यात माया होती यावरून.

त्यानंतरचे दोन महिने मी एकच काम केलं. मी मीच आहे हे लोकांना पटवत फिरलो. सिमच्या दुकानातली मुलगी म्हणाली, या नंबरवर कोड पाठवलाय, तो सांगा. अगं बाई, तोच नंबर तर चोरीला गेलाय, त्यावर आलेला कोड मला कसा दिसणार? ती म्हणाली, सर, प्रोसेस आहे. ईमेलवाल्यांनी तर कमाल केली. तुमची पहिली शाळा कोणती, असं विचारलं. मी शाळेचं नाव चार तऱ्हांनी घातलं. कॉम्प्युटरने लिहून कळवलं, की हे खातं तुमचंच आहे याची आम्हाला खात्री पटलेली नाही, क्षमस्व. आधार केंद्रात अंगठा ठेवला तर तो जुळेना. पुसून ठेवा काका, दाबून ठेवा काका, दुसरा ठेवा काका. दहाच्या दहा बोटं झाली. मागे पंधरा माणसं रांगेत चुळबुळ करतायत आणि मी हात पँटला पुसतोय. एकतीस वर्षं नोटा आणि कागद हाताळून रेषाच झिजल्या म्हणे. तेव्हा मला मिठागरावरचा एक म्हातारा आठवला. त्याचं नाव आता आठवत नाही, पण हात आठवतात, मिठाने खाऊन पांढरे पडलेले. त्याची सही दर वेळी वेगळी यायची आणि मी स्लिप परत सरकवायचो. सही जुळत नाही, परत करून आणा. एकदा त्याने तीनदा केली, तीनदा मी परत केली, आणि तो पैसे न घेताच निघून गेला. मी घरी येऊन तुझ्या आईला अभिमानाने सांगितलं होतं, की माझ्या काउंटरवरून चुकीची सही पुढे जाऊच शकत नाही. ती नुसती म्हणाली, आणि बरोबर माणूस परत गेला तर? मी म्हटलं, नियम म्हणजे नियम.

एक दिवस कळलं की माझ्या नावाने द्रोणागिरीला एक फर्म निघालीय, 'चारुदत्त ट्रेडर्स'. पोलीस म्हणाले, बघू. मला धीर धरवेना. उरणच्या बसने गेलो, पुढे रिक्षा केली. नुसती गोदामं, कंटेनर आणि धूळ. पत्त्यावर कुलूपबंद शटर आणि बाहेर खुर्चीत एक वॉचमन. त्याला म्हटलं, चारुदत्त गुप्ते इथेच असतात का? तो म्हणाला, साहेब परवाच येऊन गेले, भला माणूस, नेहमी चहाला विचारतो. मी विचारलं, कसे दिसतात? म्हणाला, जवान हायेत, उंच, हसतमुख. मग मला नीट न्याहाळून विचारलं, आणि तुमी कोन? इरा, काय सांगणार होतो? मी म्हटलं, कोणी नाही, सहज. रिक्षावाला थांबला होता, त्यात येऊन बसलो. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हे जे काही आहे ते माझ्या ताकदीच्या बाहेरचं आहे, आणि मी कितीही नीट अर्ज लिहिले तरी बाहेरचंच राहणार आहे.

सगळे म्हणत होते, काका, नवा नंबर घ्या, कशाला त्या जुन्याच्या मागे लागता. उरण नाक्यावर मोबाइल आणि झेरॉक्सचं दुकान असलेली दिपिका आहे ना, पस्तिशीची, खणखणीत बाई, तीसुद्धा म्हणाली. या सगळ्यात मला हाताला धरून नेलं ते तिनेच, तुझ्या वयाच्या बाईचं मी इतकं ऐकलं हे तुला खरं वाटणार नाही. पण नंबरासाठी मी हटून बसलो. का सांगू? आजकाल कोणाला कोणाचा नंबर पाठ नसतो, पण तुला माझा आहे. तू पाचवीत असताना वडाळे तलावापाशी हरवली होतीस, त्यानंतर आईने तुझ्याकडून तो नंबर पाढ्यासारखा घोकून घेतला होता. मला वाटलं, उद्या पोरीच्या हातात फोन नसला, काही नसलं, तरी हा नंबर तिच्या डोक्यात आहे. तो बंद पडून चालणार नाही. सव्वीस डिसेंबरला नंबर परत मिळाला. मी दिपिकाच्या दुकानात पेढे वाटले.

मग दिपिकाने मला नियम लावून दिले. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड, आधारचा अंगठा कुलूपबंद, कोणी काही विचारलं तर गप, कोणी चुकीचं वाचलं तर जास्त गप. अनोळखी नंबरावरून कोणी नातेवाईक म्हणून बोललं तर ठेवून द्यायचं आणि आपल्याजवळ असलेल्या नंबरावर खात्री करून घ्यायची. मी म्हटलं, आवाज ओळखीचा असला तर? ती म्हणाली, "काका, आवाजाचं तर नावच काडू नका. आता आवाज पन बनवतात. आमच्या भावकीत एकाच्या पोराचा आवाज काडून त्याला फसवला. रडतात पन तसंच. जेवडा आवाज खरा वाटेल तेवडा तुमी जास्त भ्या." मी ते मनावर घेतलं. मनावर म्हणजे किती, तर एक वही घातली. तारीख, वेळ, नंबर, कोण असल्याचं सांगितलं, काय निर्णय घेतला, आणि शेवटी माझी आद्याक्षरं. बँकेत ठेवायचो तशीच. रिटायर झाल्यापासून मला हाताला काम नव्हतं, ते मिळालं. खरं सांगतो, मला त्यात मजा वाटायला लागली होती.

आणि जानेवारीत मी तुला तो खुणेचा शब्द दिला. म्हटलं, कधी दुसऱ्या फोनवरून बोलावं लागलं तर मी विचारेन आणि तू सांगायचा, 'प्रगतिपुस्तक'. मी हसत सांगितलं, आपली जुनी गंमत म्हणून. तू हसली नाहीस. मागे सत्यजीतरावांचा आवाज येत होता, तू घाईने म्हणालीस, हो हो बाबा, ठेवते लक्षात, आणि फोन ठेवलास. मला गंमत वाटलेली गोष्ट तुला तशी वाटत नसेल हे माझ्या टाळक्यात आलं नाही. सहावीत गणितात एकतीस मार्क पडले म्हणून तू प्रगतिपुस्तकावर माझी सही ठोकलीस. हुबेहूब होती, फक्त तो ठिपका राहिला होता. मी एका नजरेत ओळखली. दुसऱ्या दिवशी तुला शाळेत घेऊन गेलो आणि वर्गासमोर तुझ्या तोंडून कबूल करून घेतलं. येताना तू माझ्या मागे दहा पावलं चालत होतीस. मी ती गोष्ट वीस वर्षं पाहुण्यांना सांगत आलो, माझी नजर कशी तीक्ष्ण ते कळावं म्हणून. एकतीस मार्कांची तुला माझी इतकी भीती का वाटली, हे मात्र एकदाही विचारलं नाही.

दिवाळीतली तू डोळ्यांसमोरून हलत नाहीस. ओट्यापाशी उभी होतीस, करंज्यांचा डबा हातात, आणि भिंतीकडे बघत म्हणालीस, बाबा, थोडे दिवस राहू का इथे? मी पेपर वाचत होतो. म्हटलं, सत्यजीतरावांना विचारलंस का? तू म्हणालीस, नाही. मग मी म्हटलं, असं न विचारता राहणं बरं दिसत नाही, भरल्या घरातली सून तू. तू डबा फडताळात ठेवलास आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने गेलीस. तुझ्या मनगटावर निळं काहीतरी होतं. मी बघितलं होतं इरा. मी सह्या बघणारा माणूस, मला बारीकसारीक सगळं दिसतं. मी ते बांगडीचं असेल म्हणून सोडून दिलं, कारण तेच सोयीचं होतं.

परवा, गुरुवारी, सत्यजीतरावांचा फोन आला. आवाज तोच, गोड. म्हणाले, इरा रागाने घरातून निघून गेलीय, दहा दिवस होत आले, फोनही घरीच टाकून गेलीय, तुमच्याकडे नाही हे मला माहीत आहे, पण काही कळलं तर सांगा. मी म्हटलं, दहा दिवस? अहो, गेल्या आठवड्यात मंगळवारी मी तिला मेसेज केला, ठीक आहेस ना म्हणून, तिचं उत्तर आलं, हो बाबा, मजेत आहे, कामात आहे. ते म्हणाले, ते मीच लिहिलं, तुम्हाला उगाच घोर नको म्हणून. इतक्या सहज! जसं कुणी शेजाऱ्याचं कुरियर सही करून घ्यावं. मी फोन कधी ठेवला ते आठवत नाही. वही काढली. पान लवकर सापडेना. मग सापडलं. माझ्या सुवाच्य अक्षरात, जसं आहे तसं उतरवतो:

"२४ मार्च, मंगळवार. दुपारी २.४०. अनोळखी नंबर. स्त्री. मुलगी असल्याची बतावणी. रडण्याचा आवाज. आवाज हुबेहूब. खुणेचा शब्द विचारला असता सांगू शकली नाही. समज देऊन फोन बंद केला. नंबर ब्लॉक. इराच्या नंबरावर मेसेज करून खात्री केली. चा. गु."

एकही चूक नाही. सगळे नियम पाळले. तू म्हणालीस, बाबा, मी आहे. मी म्हटलं, खुणेचा शब्द सांगा. तू पुन्हा म्हणालीस, बाबा, मी आहे हो, मी घरी येऊ का? तू माझ्यासमोर कधी रडली नव्हतीस, शाळेतून येतानासुद्धा नाही, म्हणून ते रडणं मला खोटं वाटलं. आवाज इतका तुझा होता, म्हणून मी जास्त घाबरलो. तो शब्द तू विसरली होतीस, की आठवत असूनही त्या क्षणी तुझ्या तोंडून निघाला नाही, हे मला माहीत नाही. निघाला नसेल तर मी समजू शकतो. आणि मग मी जे बोललो ते तुझ्या कानात असेलच. माझी मुलगी तिच्या घरी सुखात आहे, इथे पुन्हा फोन केलात तर पोलिसांत देईन. मी ते चोराला बोललो होतो गं. शपथेवर सांगतो, चोराला बोललो होतो. ऐकलंस मात्र तू.

लगेच दिपिकाकडे धावलो. तिने तो ब्लॉक केलेला नंबर मोकळा करून दिला, लावला. एक बाई बोलल्या, यष्टी स्टँडाच्या भायेर ताडगोले इकते मी, गव्हाणची कृष्णाबाई. पनवेलचं स्टँड! म्हणजे तू पार इथवर आली होतीस. घरापासून दहा मिनिटांवर उभी राहून, दुसऱ्याच्या फोनवरून विचारत होतीस की येऊ का. स्वतःच्या घरी यायला तुला परवानगी मागावीशी वाटली ती माझ्यामुळेच, हे मला कोणी सांगायची गरज नाही. तसाच चपला अडकवून स्टँडवर गेलो. टोपलीपुढे बसलेल्या त्या बाईला म्हटलं, मी तिचा बाप. त्यांनी ताडगोळा सोलता सोलता मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "कशावरून?" मी आधार कार्ड काढलं. त्या म्हणाल्या, "असला कागद कोनी पन बनवील. तुमी तिच्या नवऱ्याचे मानूस नाय कशावरून? बाप असता तर पोरीला फोनवर अशी हाकलली नसती." आजूबाजूची माणसं बघायला लागली. मी तिथेच उन्हात उभा राहून रडलो, मोठ्याने. लाज वाटली नाही. त्यांनी पाणी दिलं, बसायला खोकं दिलं. तुझं नाव घेतलं तेव्हा त्यांचा आवाज बदलला. म्हणाल्या, पोरगी सुखरूप हाय, पन कुठं हाय ते ती बोलंल तेवाच सांगीन. तुमी चिट्टी लिवा, मी देईन, ती वलखील. मला त्यांचा राग आला नाही. माझ्या काउंटरवर बसायला हवी होती अशी बाई, माणूस बघून नियम लावणारी.

घरी येऊन कपाटातून तुझं सहावीचं प्रगतिपुस्तक काढलं. तुझ्या आईने जपून ठेवलं होतं. तू केलेली सही तशीच आहे, ठिपक्याशिवाय. किती निगुतीने गिरवली होतीस! मी त्या वेळी फक्त खोटं बघितलं. सत्यजीतरावांना मी कळवलं आहे की मला काही माहीत नाही, आणि ते खरंच आहे. पुढे काय करायचं, पोलीस की वकील की काहीच नाही, ते तू ठरवशील. माझी अक्कल मी यात घालणार नाही. नोटिशीची सुनावणी वीस तारखेला आहे, खातं अजून बंदच आहे, द्रोणागिरीतला तो हसतमुख चारुदत्त अजून मोकळा फिरतोय. ते सगळं राहू दे. त्याने माझं नाव नेलं ते मला एक वेळ चालेल.

हे पत्र लिहिण्याचं कारण सोबत जोडलेल्या कागदात आहे. बँकेचा नियम तुला लहानपणी शिकवला होता, की लिहिलेल्यात खाडाखोड केली तर तिच्यापुढे पूर्ण सही करावी लागते, नाहीतर ती धरत नाहीत. चोवीस मार्चचं पान मी वहीतून फाडून पाठवतोय. 'मुलगी असल्याची बतावणी' यातल्या शेवटच्या दोन शब्दांवर मी काट मारली आहे. आता तिथे नुसतं 'मुलगी' उरलंय. पुढे पूर्ण सही केली आहे, ठिपक्यासकट. एकतीस वर्षांत दुसऱ्यांच्या हजार चुका धरल्या, स्वतःची पहिल्यांदाच दुरुस्त करतोय, ती धरायची की नाही हे आता तुझ्या हातात आहे. कालपासून मी रोज दुपारी दोनला स्टँडवर कृष्णाबाईंच्या शेजारच्या खोक्यावर बसतो. त्या हाकलत नाहीत, बोलतही नाहीत. यायचं असेल तर ये, नसेल यायचं तर त्यांच्याकडून एवढंच कळव की वाचलं. फोन केलास तर मी काही विचारणार नाही. आणि घरी यायला विचारायचं नसतं, बाळा.

तुझाच,
बाबा

चारुदत्त गुप्ते